न्यूट्रलची सळई आणि शून्य व्होल्ट

आमच्या घरात पोरं पत्रकांवर वाढली. वडील कारखान्यातल्या युनियनसाठी मजकूर लिहायचे, आई तो मोठ्याने वाचून त्यातली बोजड वाक्यं उडवायची, आणि उरलेल्या प्रतींची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. त्यामुळे वडिवळ्याच्या मामाला पंपाचा झटका बसला तेव्हा मी पहिलं काय केलं असेल, तर पत्रक लिहिलं.

झालं होतं असं. मामाच्या शिवारात खांबावरची न्यूट्रलची तार सारखी तुटते. ती तुटली की पंपाचा स्टार्टर उचलत नाही, कारण त्याच्या कॉइलला एक फेज आणि एक न्यूट्रल लागतो. मग तिथले सगळेच शेतकरी ओल्या बांधात लोखंडी सळई ठोकतात, कॉइलची दुसरी तार तिला बांधतात आणि जमिनीकडूनच न्यूट्रलचं काम करून घेतात. पंप चालतो. पण सळईभोवतीच्या चिखलात वीज उतरते, आणि मामा नेमका त्याच चिखलात अनवाणी उभा होता. हातातलं खोरं उडालं, तो बांधावर आदळला. वाचला. मी लिहिलं की वीज कंपनीने आधी तुटकी तार द्यायची आणि वर शेतकऱ्यालाच अडाणी म्हणायचं, ही कसली सेवा? खाली ठळक अक्षरांत लिहिलं, जमीन म्हणजे न्यूट्रल नव्हे. डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते पत्रक दिलं.

मामाने ते नीट घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, "समदं खरं हाय, पोरी. पन काकडीला पानी कोन देनार, तुझा कागुद?"

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, म्हणजे या प्रश्नाला उत्तर देणं मला भाग होतं. मी एका पेटीचं सर्किट आखलं. ट्रान्सफॉर्मर दोन फेजांवर चालणार, म्हणजे न्यूट्रलची गरजच संपली. स्टार्टरला कॉइलही दोन फेजांवर चालणारं घालायचं. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला रेक्टिफायर लावून बारा व्होल्ट डीसी, आणि बटण त्या बाजूला. बटण दाबलं की एक छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढला जाणार आणि तो स्टार्टरला उचलणार. हात ओला असला तरी हाताशी फक्त बारा व्होल्ट.

काळजी एकाच गोष्टीची होती. संध्याकाळी सगळ्यांचे पंप लागले की तिथे व्होल्टेज इतकं पडतं की बल्बची नुसती तार लाल दिसते. तेव्हा माझा रिले फडफडला आणि पंप बंद-चालू व्हायला लागला, तर मामा पेटी उपटून परत सळई ठोकणार होता. हे त्याने मला तोंडावर सांगितलं होतं. रविवारपर्यंत थांबायचं त्याने कबूल केलं होतं, त्यापुढे पीक थांबणार नव्हतं.

म्हणून पेटी बसवण्याआधी मी शनिवारी कॉलेजच्या लॅबमध्ये सिम्युलेशनला बसले. सॉफ्टवेअरमध्ये सर्किट काढायचं, व्होल्टेज कमी करत न्यायचं आणि रिले कुठे सुटतो ते बघायचं. पण ते चालायलाच तयार होईना. एक नोड, म्हणजे तारांचा एक सांधा, तरंगतो आहे, गणित सुटत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगायचं. मी प्रत्येक जोड झूम करून पाहिला, कुठे तार नुसती टेकलीय आणि जोडलेली नाही असं तर नाही ना. भागांच्या किमती तपासल्या. सगळं पुसून नव्याने काढलं. तक्रार तीच.

कान्हे गावातली माझी एक मैत्रीण शेजारच्या टेबलावर स्वतःचं काम करत होती. ती खुर्ची ओढून आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "बारा व्होल्टच्या बाजूला ग्राउंड कुठाय?"

मी म्हटलं, मुद्दामच दिलं नाही. त्या बाजूचा जमिनीशी काडीचा संबंध येऊ द्यायचा नाही, यासाठीच तर एवढा खटाटोप.

ती हसत सुटली. "अगं, पत्रक बाहेर वाट. इथे कशाला वाटतेस?"

मग तिने शांतपणे समजावलं. सॉफ्टवेअरमधलं ते चिन्ह म्हणजे माती नव्हे. व्होल्टेज कुठून मोजायचं, ती शून्याची खूण. ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंत तारेचा संबंध नसतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूला शून्य दिलं नाही तर तिथलं काहीही किती व्होल्टवर आहे हे बिचाऱ्या सॉफ्टवेअरने ठरवायचं कसं? तुझ्या खऱ्या पेटीत कुणी सळई ठोकणार नाही, ती म्हणाली, पण त्याला हिशेब कुठून तरी सुरू करू दे. मन मानत नसेल तर मधे मोठा रेझिस्टर घाल.

मी मोठा रेझिस्टर घातला. माघार घेतानाही थोडं अंतर ठेवलेलं बरं वाटलं.

सिम्युलेशन सुरू झालं आणि बटण सोडायच्या क्षणी अडकलं. आता तक्रार वेगळी होती. वेळेचे तुकडे इतके बारीक करावे लागतायत की पुढे सरकता येत नाही. यावर आम्ही दोघींनी डोकं लावलं. प्रवाह एका क्षणात तुटला की रिलेचं कॉइल उलटा उसळता व्होल्टेज फेकतं, आणि त्याला वाट द्यायला कॉइलवर उलटा डायोड लागतो. तो मी काढलाच नव्हता. इथे सॉफ्टवेअरची तक्रार शंभर टक्के बरोबर होती. पेटी तशीच गेली असती तर बटणाच्या आत ठिणग्या पडून त्याची वाट लागली असती. डायोड घातला. आलेख सरळ पुढे गेला. फेजांमधलं व्होल्टेज चारशेच्या वरून तीनशेपर्यंत खाली आणलं तरी रिलेने पकड सोडली नाही. मी टेबलावर डोकं टेकलं. मैत्रीण म्हणाली, "रडू नकोस, कीबोर्ड कॉलेजचा आहे."

रविवारी ओळखीच्या वायरमनने लाइन बंद करून पेटी बसवली. दुपारी पंप सहज लागला, पण दुपारचं मला काही पडलं नव्हतं. संध्याकाळी आजूबाजूचे पंप एकेक करून सुरू झाले. तार तुटली त्याच्या अलीकडच्या खोपटातला बल्ब पिवळा झाला, मग लाल. मामाने पंप बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. पेटीत एकदाच टक् झालं आणि मोटार सुरू झाली. मी कान लावून उभी होते. फडफड नाही. मोटारीचा आवाज जड होता, पण एकसारखा.

"धरतंय का गं शेवटपातुर?" मामाने विचारलं.

"धरतंय, मामा."

पेटीकडे तो अजून घटकाभर बघत राहील असं मला वाटलं होतं. पण त्याने खोरं उचललं, पेटीकडे पाठ केली आणि पाण्याची दारं धरायला वाफ्यांच्या टोकाकडे निघून गेला.