दुसरबीडची मोडू घातलेली सोयरीक

श्रीशार्ङ्गधराच्या चरणी मस्तक ठेवून मेहकरहून दमणीने (हलक्या बैलगाडीने) निघालो. दुसरबीडची एक ठरलेली सोयरीक मोडू घातली होती. मुहूर्त काढावा की बोलणे परत घ्यावे, हे सांगण्यास मला पाचारण होते.

प्रकरण असे. गावच्या शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) नियोजित वर नारायण याची जोडी वधू येसूच्या बापाच्या जोडीकडून हरली. ऐन रेषेपाशी नारायणाचा 'पांढऱ्या' नावाचा बैल बाजूस वळला. वधूपक्षाने तो बुजवला, असा वरमाईचा आरोप.

वाटेत पळस फुलला होता. त्याच्या सावलीत दशम्या सोडल्या आणि दुपार कलता गावचा नाला गाठला. तेथे चाक वाळूत आसापर्यंत रुतले. मी पंचांग डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यात उतरलो. काठच्या दोन शेतांतून दोघे बैल घेऊन आले. तेच वधूवर होते. सोयरीक ठरल्यावर परस्परांशी बोलू नये, ही रीत त्यांनी माझ्यामार्फत पाळली.

"महाराज, तिले सांगा, गाडी माहे बैल काढतीन."

"महाराज, त्यायले इचारा, हे बैल रेघेपर्यंत तरी पोचतात काय?"

इतक्यात पांढऱ्याने कासरा हिसकला आणि सरळ येसूच्या ओच्यात तोंड घातले. ओच्यातून ढेपेचा (सरकीच्या पेंडीचा) तुकडा निघाला.

नारायण रीत विसरला. "तू चारून राह्यली त्याले? कवापासून?"

"सोयरीक झाली तवापासून. तुमच्या घरी येनारच होती, म्हटलं बैलाची वळख असावी. पटाच्या दिसी मी रेघेपाशी उभी होती. मले काय ठाव, थो मलेच पाहून वळन."

"म्हंजे तूच हरवलं मले."

"हाव. आता हे आईले सांगसान का नाई, थे सांगा."

नारायणाने आपले बैल तिच्या बैलांपुढे जुंपले. त्या चारही बैलांनी मिळून गाडी काढली.

घरी त्याने सर्वांदेखत आपल्या हरण्याचे खरे कारण सांगितले. वरमाईने शांतपणे विचारले, "ढेप कोनाच्या घरची?"

"तिच्या."

"मंग पोरगी आनाच लागते. नाई तं बैलबी तिकडंच जाईन."

वैशाख शुद्ध पंचमीचा मुहूर्त लिहून दिला. परतताना मनात आले, मी पत्रिकेत छत्तीस गुण तपासले होते. पांढऱ्याने एकच पाहिला, आणि तो माझ्या आधी निकालास पोचला.

वाचकहो, आपल्या दावणीस चारा, माजघरात सौमनस्य आणि भांडणांस असाच गोड शेवट लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.