खिडकीबाहेरची शाळा

सुधाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ओजसच्या शाळेत बसले होते. त्याच्या विशेष शिक्षिका हातांच्या खुणांनी अपूर्णांक समजावत होत्या आणि तो हसत होता… महिना झाला, तरी ते हसू डोळ्यांपुढून जात नाही. ताई माझ्या मोठ्या जाऊबाई. माझ्या मुलाला मिळालेली ही शिक्षिका त्यांनी भांडून आणलेली. त्यांच्या मुक्ताला ती कधीच मिळाली नाही.

मुक्ताला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेने प्रवेश दिला, विशेष शिक्षिका येईल म्हणून सांगितलं, आणि वर्षं गेली. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत, त्यांचे ओठही तिला दिसत नसत. शेवटी ताईच खुणांची भाषा शिकल्या आणि वर्गात तिच्याजवळ बसू लागल्या. प्राचार्य म्हणाले, "मैडम, बाकी पेरेंट्स की कंप्लेंट आती है." दुसऱ्या दिवसापासून ताई बाहेर, खिडकीपाशी उभ्या. रायपूरचा एप्रिल, डोक्यावर ओला दुपट्टा आणि गजांपलीकडे हलणारे हात. पोरं हसायची. आठवीत एके दिवशी मुक्तानेच खिडकीकडे बघणं सोडलं. मग शाळाही सोडली.

ताई मात्र विशेष शिक्षिकेसाठी नव्या रायपूरच्या सरकारी कार्यालयांत खेटे घालतच राहिल्या.

"आता काहून जाता ताई? मुक्ता तर घरी बसली," मी विचारलं. ओजस तेव्हा पाळण्यात होता, त्यालाही ऐकू येत नाही हे नुकतंच कळलं होतं.

त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "हा पोट्टा तर जाईन ना शाळेत."

शिक्षिका आल्या, तोवर मुक्ता अठराची झाली होती. मी पेढे घेऊन गेले आणि दारातच रडू फुटलं. "काहून रडून राहिली? तुह्या पोराचं झालं ना, बस," ताई म्हणाल्या. मागे उभी मुक्ता आमचे ओठ बघत होती. तिने आजवर मला एका खुणेनेही दुखावलं नाही. तेच जास्त जड जातं…

मुक्ताच्या खोलीत शिरताना ताई दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायच्या, म्हणजे तिला कोणी आल्याचं कळे. परवा मीही तसंच केलं. दिवा लुकलुकला. मुक्ता चटकन वळली, चेहरा उजळलेला, हात काही सांगायला वर आलेले… आणि दारात मी होते.