पोटावरचा पाहुणा

आतड्याची शस्त्रक्रिया होऊन मी सांडोरला घरी परतले तेव्हा वाडीतल्या केळी नुकत्याच व्याल्या होत्या. खिडकीतून केळफुलांचा तुरट, दमट गंध आत येई, आणि त्याच्या अलीकडे, चादरीखाली, माझा स्वतःचा एक नवा गंध असे. रोगट भाग काढून सर्जननी उरलेल्या आतड्याचे टोक पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, आणून ठेवले होते. लालबुंद, ओलसर, जास्वंदीच्या कळीसारखे. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत दिवसभर पातळ मळ साठत राही. काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडायचे होते. तोवर हे असेच.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्या कळीला नाव दिले. पाहुणा. त्याने कधी आणि कुठे आवाज करावा हे यजमानाच्या हाती नसते, असे त्यांचे म्हणणे. पोटावर गुरगुर झाली की त्या भाजी निवडता निवडता विचारत, "काय म्हणतोय? पेज आवडली नाही वाटतं."

मी हसे, पण हसताना टाके ओढले जात. मधली लांब जखम खालच्या टोकाला उसवली होती. ती वरून शिवायची नाही, तळापासून आपोआप भरू द्यायची, असे नर्सने सांगितले होते. रोज सलाइनने धुवायची, आत ओले गॉज ठेवायचे आणि वाट पाहायची. कवितेत 'हळूहळू' हा शब्द मी किती सहज लिहीत आले होते. आता तो माझ्या अंगात राहायला आला होता.

जखमेपेक्षा जास्त छळ होता तो पिशवीभोवतीच्या कातडीचा. पिशवी पोटाला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखाली मळ झिरपे आणि मिरच्या कुटलेला हात डोळ्याला लागावा तशी आग उठे. कातडी सोलवटून तिला पाणी सुटू लागले. ओल्या कातडीवर चकती धरेना. ती सुटली की कातडी आणखी भाजे.

ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार जवळ येत होता. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाची कथा तिघे जण मिळून वाचतात. त्यातले निवेदकाचे वाचन अनेक वर्षे माझ्याकडे आहे. भरल्या चर्चमध्ये, माइकसमोर, पिशवी सुटली तर? फादरांना नकार कळवावा, असे मी म्हणाले.

"थांब गं बाय," सासूबाई म्हणाल्या. "कातडी बरी करू आधी."

त्यांनी पितळी वाटीत खोबरेल कोमट केले. वाडीतल्याच नारळांचे, घाण्यावर काढलेले. घरातल्या सगळ्या लेकरांची अंगे त्या तेलावर पोसलेली, त्यांच्या स्वतःच्या टाचांच्या भेगाही त्यानेच भरलेल्या. बोटाच्या अलगद टोकाने त्या तेल लावू लागल्या आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा आग निवली. मी तशीच झोपी गेले. दुपारी ताटावर बसले असताना पिशवी घसरून मांडीवर आली.

तेल कमी पडले असावे, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी लावले. मीही नाही म्हटले नाही, कारण मला तो स्पर्श हवा होता. आठवडाभर आम्ही हेच करत राहिलो आणि कातडी लाल व्हायची ती कच्च्या मांसासारखी झाली.

शेवटी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. नर्सने चकती उचलून वास घेतला. "तेल लावलंत?"

"घरचं आहे," सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या. "भेसळ नाही त्यात."

"तेल चांगलंच असणार, मावशी. पण ही चकती तेलावर चिकटत नाही. निसटते, मग खाली मळ शिरतो आणि तोच कातडी जाळतो." साध्या पाण्याने धुवा, टिपून पूर्ण कोरडे करा, ही पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटका, असे तिने दाखवले. मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सूज उतरून पाहुणा लहान झाला होता, आणि आम्ही मात्र चकतीचे भोक अजून पहिल्याच मापाने कापत होतो. मधली उघडी कातडी सगळा मळ सोसत होती.

रिक्षात सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. हात मांडीवर उताणे ठेवलेले. नाक्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मीच तुला भाजत होते."

"दोघी मिळून, आई."

घरी येताच त्यांनी वाटी फळीवर ठेवली आणि ब्लाउज बेतायची कात्री काढली. पातळ कागद पाहुण्याभोवती धरून माप घेतले, गोल कापला, पुन्हा धरून पाहिला, रेषभर कमी केला. "गळा मोठा झाला की ब्लाउज खांद्यावरून उतरतोच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला कळायला नको होतं का?"

तेव्हापासून पिशवी बदलताना त्या मला उताणी निजवत आणि पुठ्ठ्याने पोटावर वारा घालत. कातडी सुकायला किती वेळ द्यायचा, याचे माप त्यांचे त्यांनीच ठरवले होते: रोझरीचे एक दशक, म्हणजे जपमाळेवरच्या दहा प्रार्थना. ओठांत प्रार्थना, हातात पुठ्ठा, आणि माझ्या सोलवटल्या कातडीवर ती मंद झुळूक. हळूहळू पाणी सुटायचे थांबले. लाल रंग फिका पडत गुलाबी झाला. जखम अजून उघडी होती, पण तिच्यात आता गॉज कमी मावत होते.

मी फादरांना काही कळवले नाही.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी नवी पिशवी लावून, थोडीशी पेज पिऊन मी चर्चमध्ये गेले. हिरव्या झावळ्यांचा ओला वास सगळीकडे भरला होता. मी वाचू लागले. येशूने प्राण सोडला, या वाक्यापाशी वाचन थांबते आणि सगळे जण गुडघे टेकून स्तब्ध होतात. जखमेमुळे मला गुडघे टेकता येईनात. वाचनपीठ धरून मी माइकसमोर उभी राहिले. त्या शांततेत पाहुण्याने हालचाल सुरू केली. मला ती आधी पोटात जाणवली.

पहिल्या बाकावरून सासूबाईंना जोरात खोकला आला. पाहुणा गुरगुरत होता तेवढा वेळ त्या खोकत राहिल्या. कुणीतरी त्यांची पाठ चोळली. मग दोघेही शांत झाले आणि मी पुढचे वाचन सुरू केले.

घरी आल्यावर मी विचारले, "आई, खोकला बरा आहे का आता?"

"पाहुण्यावर आहे ते," त्या म्हणाल्या. "दाखव बघू."

त्यांनी चकतीच्या कडेवरून गोल बोट फिरवले आणि ते बोट उजेडात धरून पाहिले. कोरडे होते. मग त्या हात धुऊन जखमेचे गॉज बदलायला बसल्या.