मध्यंतरानंतर येणारं पाणी

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एका ड्रायव्हरसाठी रडलो. ड्रायव्हर सिनेमातला, त्यातही खलनायकाचा. म्हणजे तसा तो आपल्या बाजूचा माणूससुद्धा नव्हे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. पहिली पाळी सुटली की कधीमधी आम्ही चौघे जण साडेतीनच्या खेळाला जाऊन बसत असू. त्या दिवशीचा सिनेमा मारामारीचा होता. हीरोनं कुणाला आडवं केलं की मी मोठ्यानं म्हणायचो, "पुढचा या!" आणि मागच्या रांगा हसायच्या. मध्यंतरानंतर खलनायक आपल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला कामावरून काढतो. म्हातारा खिशातून फडकं काढून गाडीची पुढची काच पुसतो. वायपर उचलून त्याच्याखालचीही पुसतो. किल्ली बॉनेटवर ठेवतो आणि चालू लागतो. झालं. अर्धं मिनिटही नसेल. पुढं पुन्हा हाणामारी.

पण त्या वायपरखालच्या काचेनं माझा घात केला. "पुढचा या" म्हणायला तोंड उघडलं, तर डोळेच वाहायला लागले.

"काय रे, काय झालं?" शेजारच्यानं विचारलं.

"भेळेत मिरची होती."

"भेळ मी खाल्ली. तू चहा घेतलास."

मी उठलो, दोघांच्या पायांवर पाय दिले आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. उरलेला सिनेमा मी पोस्टरवरच बघितला.

हे माझं व्हावं यात काय गंमत होती ते कळण्यासाठी मी कोण होतो ते सांगायला हवं. पंचवटीत आमच्या गल्लीचं गणपती मंडळ होतं आणि मंडळाचा माईक माझ्याकडे होता. गणपतीच्या दिवसांत दोन-तीन सिनेमे व्हायचे. गल्लीच्या मधोमध दोन बांबू रोवून पांढरा पडदा बांधायचा, भाड्याचा प्रोजेक्टर आणायचा, संध्याकाळची आरती झाली की लगेच सुरू. सिनेमा चार-पाच रिळांचा. रीळ संपलं की बदलायला पाच मिनिटं लागत, तेवढ्यात दिव्याच्या खांबावरचा हॅलोजन लावत. लख्ख उजेड! आणि त्या उजेडात मी माईक घेऊन उभा. रीळ चढेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं, हे माझं काम. लोक खरं तर माझ्यासाठीच येतात आणि मधल्या वेळात सिनेमा बघतात, अशी माझी समजूत होती.

माझा हुकमी विषय म्हणजे रडणाऱ्या बायका. "दुसऱ्या रांगेतल्या मावशींनी पदर पिळून घ्यावा, पुढच्या रिळाला लागेल." "मंडळातर्फे रुमालांची सोय नाही, ज्यानं त्यानं आपापली बाही वापरावी." गल्ली खदखदून हसायची. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल, एका सिनेमात बहिणीची पाठवणी झाली, हॅलोजन लागला, आणि तिसऱ्या रांगेत माझी बायको ओल्या चेहऱ्यानं बसलेली दिसली. इतकी आयती संधी कोण सोडतो? मी माईकमध्ये म्हणालो, "उद्याचा पाण्याचा टँकर रद्द करा हो! आमच्या सौभाग्यवतींनी गल्लीची टाकी भरली आहे!"

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा तो. तीही हसली. पदर तोंडावर धरून, मान खाली घालून हसली. निदान मला तसं वाटलं.

पुढच्या वर्षापासून ती तिसऱ्या रांगेत दिसेना. विचारलं तर म्हणाली, "कुकर लावायचाय." मी म्हटलं, लाव. थिएटरला चल म्हटलं तर म्हणायची, "तुम्ही या जाऊन. मला डोकं दुखतं काळोखात." मी माझ्या मित्रांबरोबर जाऊन यायचो. दहा-बारा वर्षं आमच्या घरात हे असंच चाललं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुकर हा काय भांडणाचा विषय आहे?

तर त्या ड्रायव्हरनंतर माझा नळ बिघडला. कुठल्याही सिनेमात गळायला लागला. आणि नेमका रडण्याच्या जागी नव्हे! आई मरते, नायिका विष घेते, तिथं मी ठणठणीत. पण कुणी कुणाच्या डब्यात चटणी जास्त घातली, कुणी जिन्यावर थांबून दम खाल्ला, की संपलो. त्यामुळे सावधही राहता येईना. सिनेमा लागला की मी खुर्चीच्या कडेला बसायचो, एक पाय बाहेर. शेंगदाणे आणायला ऊठ, पाणी प्यायला ऊठ. घरी टीव्हीवर सिनेमा असला तर मला एकदम फ्यूज तपासायची आठवण व्हायची. बायको म्हणायची, "अहो, बूड टेका ना कुठेतरी. भिंगरी लागलीय का पायाला?"

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"पाणी येतं," मी म्हणालो.

"सकाळी येतं की रात्री?"

"मध्यंतरानंतर."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. जवळचं वाचायला चष्मा दिला. म्हणाले, "बाकी डोळे उत्तम आहेत. पाणी कुठून येतं ते माझ्या खात्यात बसत नाही."

मग गणपती आले. आता खरी पंचाईत होती. काळोखात मी रडणार, हॅलोजन लागणार, आणि ज्यांचे पदर मी इतकी वर्षं पिळले त्या सगळ्या बायका मला बघणार. गल्ली मला सोडणार नव्हती, आणि मी गल्लीच्या जागी असतो तर मीही सोडलं नसतं. पहिलं रीळ मी मंडपाच्या खांबाआड काढलं. दुसरं प्रोजेक्टरच्या मागं. तिथं प्रोजेक्टरवाला म्हणाला, "साहेब, बसा नाहीतर जा, तुमची सावली पडतेय." तिसऱ्या रिळात पडद्यावर एक शाळामास्तर निवृत्त झाला आणि वर्गातला फळा पुसायला लागला. आधी वरचा कोपरा, मग खालचा. मी पुढचं ओळखलं. तो डस्टर झटकणार होता. तो डस्टर झटकायच्या आत मी बांबूला वळसा घालून पडद्याच्या मागं पळालो.

पडद्यामागच्या अंगाला मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. तिकडूनही सिनेमा दिसतो, पण उलटा. मास्तर डाव्या हातानं फळा पुसत होता. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. बसच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. आणि हॅलोजनचा उजेड पडद्याला अडत होता, त्यामुळे रीळ बदलतानाही तिथं अर्धवट अंधारच. मी डोळे पुसत खाली बघितलं तर वीस-पंचवीस बायका पोत्यांवर, सतरंज्यांवर बसलेल्या. सगळ्या गुपचूप, मोकळ्या रडत होत्या. सगळ्यांत पुढं, बाजारात फुलं विकणाऱ्या मावशी होत्या, मांडीवर रिकामी पाटी घेऊन.

"भाऊ, तुमचा भोंगा तिकडं हाय," त्या म्हणाल्या. "इकडं काय काम काढलं?"

मी काही बोलणार तोच मावशींच्या पलीकडून आवाज आला, "रडतायत ते. बसू द्या."

बायको होती. सतरंजी टाकून, पाय दुमडून, पाण्याची बाटली शेजारी ठेवून. ही त्या रात्रीपुरती आलेली बाई नव्हती. तिची जागा ठरलेली होती.

"कुकर?" मी विचारलं.

"दुपारीच लावते."

"किती वर्षं?"

"टँकर रद्द झाला तेव्हापासून."

फुलवाल्या मावशी फिसकन हसल्या. तेवढ्यात रीळ संपलं. पडद्यापलीकडे हॅलोजन लागला आणि माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला. "माईकवाले कुठं गेले? अहो, लोक उठायला लागले!" मी जागचा हललो नाही. कुणीतरी माईक घेऊन "हॅलो, हॅलो, चेक" एवढंच चार वेळा म्हणालं. अगदीच सुमार काम.

"जा की," बायको म्हणाली.

"नाही जात." मी तिच्या सतरंजीच्या कडेवर बसलो. मनात एक छोटंसं भाषण तयार होतं: मी मूर्ख होतो, मला कळलं नाही, इत्यादी, मध्ये दोन ठिकाणी थांबण्याच्या जागाही ठरवल्या होत्या. "अगं, ऐक," मी सुरुवात केली. "त्या वर्षी माझ्याकडून जे—"

"सिनेमा बघायचाय मला," ती म्हणाली.

संपल्यावर सतरंजी झटकताना मी विचारलं, "पुढच्या वेळी इथंच बसू या दोघं?"

"अजिबात नाही. इथं बायका येतात, त्यांना तुमच्यामुळे अवघडायला होतं. बघितलं नाहीत? मागच्या दोघी उठून गेल्या."

"मग मी कुठं बसू?"

"पुढं. तिसऱ्या रांगेत. उजेडात." सतरंजीची घडी तिनं माझ्या हातात दिली. "तिथं बसून रडून दाखवा. मग मी येते शेजारी."

मी म्हटलं, ठीक. ठीक म्हणायला काय जातं! पण वर्षभर मला चैन नव्हतं. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजता मोजता मी तिसरी रांग बघायचो, हॅलोजन बघायचो, माझ्याकडे वळलेली चाळीस तोंडं बघायचो. एकदा वाटलं, त्या आठवड्यात मनमाडच्या मेहुण्याकडे जावं. एकदा वाटलं, ग्लिसरीनची बाटली मिळते बाजारात. मंडळाच्या तीन नाटकांत रडायला वापरली होती, हात बसलेला होता. बाटली आणलीही. मग मोरीत ओतली.

पुढच्या गणपतीत माईक दुसऱ्याला देऊन मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. ती आली. सतरंजी तिनं पसरली, मी एक टोक धरलं. गल्लीत कुजबुज झाली, कुणीतरी शिट्टी मारली. सिनेमा सुरू झाला. चांगला होता हो, खूप चांगला. एक बाप स्टँडवर मुलीची ट्रंक एसटीच्या टपावर चढवत होता. दोरी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. माझ्यासाठीच लिहिल्यासारखं. आणि माझ्या डोळ्यांत थेंब नाही! कोरडे, ठणठणीत, डॉक्टरांनी उत्तम म्हटलेले डोळे. मी ट्रंकेकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, मेलेल्या माणसांच्या आठवणी काढल्या. काही नाही. मी मांडी बदलली, मान खाजवली, घड्याळ बघितलं.

"काय चाललंय?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"येत नाहीये."

"काय?"

"पाणी. देवाशपथ, येत नाहीये."

आणि रीळ संपलं. खांबावरचा हॅलोजन लागला. आजूबाजूच्या बायकांनी सवयीनं पदर चेहऱ्यावर ओढले. माझ्या शेजारी ती मात्र तशीच बसली होती. गालांवरून हनुवटीपर्यंत ओली, हात मांडीवर, नजर कोऱ्या पडद्याकडे. तिनं चेहरा पुसला नाही. नवा माईकवाला तिच्याकडे बघून काहीतरी म्हणायला आला, माझ्याकडे बघितलं, आणि उद्याच्या महाप्रसादाची वेळ सांगून मोकळा झाला.

"अट मोडली," मी हळूच म्हणालो. "मी रडलो नाही."

"हो ना," ती म्हणाली. "हलू नका आता. दुसरं रीळ लावतायत."