गजामामांच्या हाताचा गुण

गजामामा आमच्या नर्सरीत आले की आधी पाण्याकडे जात, मग माझ्याकडे. पिंपात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि बाजूला थुंकायचं. त्यानंतर, "काय सूनबाय, चाय हाय का?" त्यांच्या आज्याची घोडबंदरच्या खाडीलगत मिठागरं होती, त्यामुळे खाऱ्याची पारख आपल्या रक्तातच आहे असं ते सांगत. मी रायगडातून लग्न होऊन काशीगावात आले आणि नवऱ्याच्या पडीक जागेत रोपं विकायला बसले. शेजारच्या नर्सरीतून हे गृहस्थ न बोलावता आले आणि कलम बांधण्यापासून गिऱ्हाइकाशी हिंदीत घासाघीस करण्यापर्यंत सगळं शिकवून गेले. "पानी आदी जिभेला, मंग झाडाला," हा त्यांचा पहिला धडा. तो मी आजतागायत मोडलेला नाही.

त्यांच्या हातात काहीतरी होतं, हे मी रागातही नाकारणार नाही. टॉवरमधल्या बायका मरगळलेली कुंडी रिक्षात घालून त्यांच्याकडे आणत. मामा पानं कुरवाळत आणि अगदी गंभीरपणे सांगत, "मॅडम, इसको टीव्ही के बाजू से हटाव. इसको सिरियल पसंद नहीं." काही दिवसांत झाड तरारून येई. गजामामांच्या हाताला गुण आहे असं जो तो म्हणे, आणि ते ऐकताना मामा उगाच दुसरीकडे बघत.

आमच्याकडे उन्हाळा तापला की बोअरचं पाणी खारट होतं आणि पानांच्या कडा करपतात. पाणी गोडं करणारी मशीन घेऊन एक विक्रेता आला, तेव्हा आम्ही सगळे नर्सरीवाले मामांच्या अंगणात जमलो. तो बिचारा जीव तोडून समजावत होता, एका नळीतून गोडं पाणी येतं, दुसरीतून उरलेला सगळा खार बाहेर पडतो. मी तर मशीन घ्यायची म्हणून घरी सांगूनच आले होते. मामांनी त्या गोड्या पाण्यात बोट बुडवलं, चाखलं, थुंकले.

"ह्ये मेलेलं पानी हाय. बिनमिठाची पेज. झाड पील, पन हसायचं न्हाय."

सगळे हसले. विक्रेत्याने मशीन पुन्हा टेम्पोत चढवली. मामांनी नको म्हटल्यावर मी कुठली घेतेय?

पुढच्या उन्हाळ्यात माझा मोगरा करपला. मग अनंत, मग जास्वंद. कुंपणापलीकडे मामांचा माल हिरवागार. दोघांच्या बोअर हाकेच्या अंतरावर, पाणी एकाच चवीचं. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "मामा, माझं काय चुकतंय?"

त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "वंगाळ वाटून घेव नको सूनबाय. पानी तेच, माती तीच. हाताला गुन लागतो. तुजा हात गरम हाय."

मी ते खरं मानलं. झारी गड्याच्या हाती दिली. घरच्या तुळशीला पाणी घालायचंसुद्धा सोडलं, न जाणो तीही जायची. सोसायट्यांच्या बागांची कामं एकेक करून मामांकडे गेली, त्याचंही मला नवल वाटलं नाही. शेवटी जागा एका गॅरेजवाल्याला द्यायची बोलणी सुरू झाली.

अशात ऐन मे महिन्यात आमच्या कुंपणाची मेंदी वाळायला लागली. वाकून बघते तर मुळाशी ओल. आम्ही थेंब थेंब जपून वापरतो त्या दिवसांत कुंपणाखालून एक नळी बिनदिक्कत गळत होती. मामांच्याच शिकवणीने बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं झालं. असा खार आमच्या बोअरला कधीच नसतो. विक्रेत्याची दुसरी नळी मला तेव्हा आठवली. मी नळीच्या मागोमाग मामांच्या शेडपर्यंत गेले. खताच्या पोत्यांआड मशीन घरघरत होती. तिच्यावरचं प्लास्टिक जुनं होऊन पिवळं पडलं होतं.

मामा माझ्यामागे येऊन उभे राहिले. दचकले नाहीत की रागावले नाहीत.

"कधी घेतलीत?"

"तो टेम्पोवाला गेला ना, त्याला हायवेवर गाठला."

"मग माझा हात कशाला बघितलात, मामा?"

"लोक माजा हात बघाया येतात, सूनबाय. मशीन बघाया कोन येल? आन् सगल्यांनीच घेतली, तं गजाकडं काय रायलं?"

त्यांनी मशीन घेतली याचा मला राग नव्हता. पण माझा हात हातात घेऊन, इतक्या मायेने, ते खोटं बोलले होते.

मी जागा दिली नाही, मशीन घेतली. त्या वर्षी मोगऱ्याचं एक पान करपलं नाही. एका सकाळी मामा आले, जसं काही घडलंच नाही अशा थाटात पिंपात बोट बुडवलं आणि चाखून म्हणाले, "झकास. आला बघ गुन." मी पिंपावर झाकण ठेवलं. चहाचं विचारलं नाही. त्यानंतर ते कुंपणापलीकडेच राहिले.

यंदा मामा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा दिनेश माझ्याकडे आला. "वयनी, दारात तुलस लावायचीय. बाबा सांगून गेलेत, वयनीच्या हातनं लावा. म्हनाले, तिच्या हाताला पयल्यापासून गुन हाय."

पहिल्यापासून. म्हणजे माझा हात उलटसुलट करून पाहिला, त्या दिवशीही त्यांना ते ठाऊक होतं. लपवलेली मशीन मी एव्हाना पचवली होती. हे नाही पचत.

मी ओळीतली सगळ्यात चांगली तुळस काढून दिनेशच्या हातात दिली. त्यांच्या दारी लावायला मात्र गेले नाही.

"तूच लाव," म्हटलं. "आणि पाणी आधी चाखून घाल."