चोराच्या खात्यात माझे दहा रुपये

चोर शोधायला गेलेल्या पोलिसाने चोराच्याच खात्यात पैसे भरले, असं तुम्ही कधी ऐकलं नसेल. मी भरले. भर बाजारात, गणवेशात, दोन पंचांसमक्ष, स्वतःच्या मोबाइलवरून दहा रुपये. ती घटना विसरावी असं मला फार वाटतं, पण घरात नातवंडं आहेत. कुल्फी नाकारली की धाकटी नात कमरेवर हात ठेवून विचारते, "आजी, चोराले देल्ले, मले काऊन नाई देत?"

तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. शिपाई म्हणून भरती होऊन फौजदारकीपर्यंत पोचले होते आणि मला स्वतःबद्दल अतोनात आदर होता. जवळचं नीट दिसत नव्हतं. चष्मा होता, पण तो पर्समध्ये. गणवेशावर चष्मा घातला की बाई फौजदार न दिसता शाळेतली बाई दिसते, असा माझा ठाम समज. त्यामुळे ठाण्यातले कागद मी हात लांब करून वाचायची, आणि हातही पुरेना तेव्हा न वाचताच "ठीक आहे" म्हणून सही ठोकायची.

बुलढाणा जिल्ह्यातलं ते ठाणं आठवडी बाजाराला लागूनच होतं. दोन-तीन वर्षांत त्या बाजाराचा आवाजच बदलला होता. पूर्वी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत सुट्या पैशांवरून दोन तरी भांडणं ठाण्यात यायची, आणि पाकीट मारल्याची एखादी तक्रार ठरलेली. आता कोथिंबिरीच्या जुडीलाही लोक मोबाइल पुढे करत. प्रत्येक पालाच्या बांबूला ते काळ्या-पांढऱ्या चौकोनाचं कार्ड लटकलेलं. स्कॅन करा, टिंग वाजलं की पिशवी उचला. तक्रारी घटल्या म्हणून मी खूश होते. त्याचं श्रेय मी माझ्या गस्तीला देत होते, हेही सांगून टाकते.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, साठीची एक बाई ठाण्यात आली. लाल मिरची आणि हळद विकणारी. पदराला मिरचीचा असा खकाणा की ती उंबऱ्यात उभी राहिली आणि ठाणे अंमलदार शिंकायला लागला.

"म्याडम, माह्या सुनेनं मले लुटलं," ती म्हणाली. "गिऱ्हाईक माह्या डोयासमोर मोबाइल मारते, टिंग वाजते, अन् संध्याकाळी हे म्हणते, एक रुपया नाई आला! पाच-सहा बाजार झाले. मी काय येडी हाव काय?"

खातं सुनेच्या नावावर होतं. सासूकडे साधा बटनांचा फोन, वाचता येत नाही. मुलगा पुण्याला कंपनीत. कार्ड लावायची हौस सुनेचीच. मुलाने आईचं ऐकून फोनवर फर्मान सोडलं होतं: पाठवून दे तिला माहेरी. चार दिवसांनी सुनेचे वडील पिंपळगाव राजाहून तिला न्यायला येणार होते. अशी गेलेली सून परत येते की नाही, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

मी अर्ज घेतला आणि दोन पंच घेऊन तशीच बाजारात गेले. वाटेत शेजारच्या पालावरच्या लसूणवाल्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच खबर दिली, "म्याडम, थे पोरगी दिवसभर मोबाइलमंदीच राह्यते. माहेरी पाठवत असन पैसे. माह्यं नाव नका सांगू." इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एक कळायला हवं होतं. "माझं नाव सांगू नका" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा माहिती नसते, नुसतं मत असतं. पण मला ती खबर आवडली, कारण ती माझ्या मताशी जुळत होती.

पालावर विशीतली एक मुलगी मिरच्या तोलत होती. मी तिला नाव विचारलं नाही. डायरीतही मी "अर्जदाराची सून" असंच लिहिलं. कार्ड हातात घेतलं. खाली नाव ठळक छापलेलं होतं, ते पंचांनी वाचून दाखवलं. सुनेचंच. आता मी खाक्या दाखवायचं ठरवलं. मोबाइल काढला, चौकोन स्कॅन केला, पडद्यावर काहीतरी अक्षरं उमटली, मी दहाचा आकडा मारला. टिंग!

"हे बघा," मी पंचांना म्हणाले. "कार्ड चालू आहे. पैसे गेले. म्हणजे हिच्याच खात्यात गेले."

सुनेने तिचा मोबाइल पुढे केला. "नाई आले म्याडम. पाहा तुम्ही."

"मेसेज पुसला असशील."

"आत्ता? तुमच्यासमोर?"

उत्तर नसलं की आम्ही पोलीस आवाज चढवतो. मी चढवला. सगळी ओळ माना वळवून बघायला लागली. मी कार्ड जप्त केलं, लखोट्यात घालून सील केलं आणि तिला ठाण्यात आणलं.

दोन तास तिची विचारपूस केली. सोबत आमची महिला हवालदार होती, नियमाप्रमाणे. मी दरडावलं, गोड बोलले, पाण्याचा ग्लास पुढे केला, मागे घेतला. आज त्या ग्लासाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मुलगी एकच सांगत होती. दोनदा बँकेत जाऊन आले, ते म्हणाले सर्व्हर बंद आहे, येतील. शेवटी तिने रडणं थांबवलं आणि मला विचारलं, "म्याडम, चोरायचेच असते, तं मी कार्ड काऊन लावलं असतं? नगदीतनं दहा-वीस काढणं सोपं नोतं काय?"

इतका सरळ प्रश्न मला सुचायला हवा होता. मी "कायदा शिकवू नकोस" म्हणाले आणि दिवस मावळायच्या आत तिला घरी सोडलं. त्याच संध्याकाळी बँकेला पत्र पाठवून खातेउतारा मागवला. एवढं एक काम मात्र मी वेळेवर केलं.

उतारा आला चौथ्या दिवशी सकाळी. त्याच दिवशी तिचे वडील यायचे होते. हवालदाराने तो मला वाचून दाखवला, कारण, तुम्ही ओळखलंच असेल. गेल्या पाच बाजारांच्या दिवशी एकही रक्कम जमा नाही.

"बघा, इथंही नाही," मी म्हणाले. "दुसरं खातं असणार हिचं."

हवालदार जरा घुटमळली. "म्याडम, एक इचारू? तुमचे दहा रुपये तं दिसाले पाह्यजे होते ना इथं? थे कुठी गेले?"

दहा रुपयांचं दुःख नव्हतं, पण प्रश्न खरा होता. तिने माझा मोबाइल मागितला, दोनदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की ते अजून लक्षात आहे.

"म्याडम, हे कोन्या माणसाचं नाव हाय."

पर्स उघडून मी चष्मा लावला. पैसे टाकताना पडद्यावर आलेलं नाव एका अनोळखी पुरुषाचं होतं. मी ते पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. आणि गिऱ्हाइकांपैकी कोणी वाचलं असेल, तरी विचारलं नसणार. आमच्याकडे दुकान सासऱ्याचं, पाटी मुलाच्या नावाची, खातं सुनेचं नाहीतर मेहुण्याचं. कोणाचंही नाव आलं तरी लोक "असंल घरातलंच कोणी" म्हणून अंगठा दाबतात. चोराने नेमकं हेच हेरलं होतं.

सासूला, सुनेला आणि पंचांना बोलावलं. सुनेसोबत तिचे वडील आले, हातात तिच्या कपड्यांची पिशवी. चार दिवस माझ्याच टेबलावर पडलेला लखोटा उघडला. कार्डाच्या कडेला नख लावलं, तर वरचा चौकोन सोलून आला. खाली दुसरा चौकोन. नाव सुनेचं तसंच ठेवून फक्त चौकोनावर चौकोन चिकटवला होता.

आणि कुंकू. सासू दर बाजारी पाल मांडला की तराजूला कुंकवाचं बोट लावायची. कार्ड आल्यापासून त्यालाही लावायला लागली होती. पैसा ज्याच्यातून येतो त्याला नमस्कार, एवढा सरळ हिशेब. पुसायची मात्र नाही, लक्ष्मी पुसत नाहीत म्हणून. खालच्या चौकोनाच्या कडेला कुंकू थरावर थर चढलेलं. वरच्या चौकोनावर मात्र मोजून पाच बोटं.

"पाच बाजार झाले याले लावून," हवालदार म्हणाली. "कुंकू तं पाल मांडताच लागते, म्हंजे हे चिकटलं त्याच्या आंधीच्या बाजारी, कुंकू लावल्यावर. थो बाजार कोनता?"

"बैलपोयाच्या आंधीचा," सासू लगेच म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. ती बाकावर बसली.

"तव्हा तो आलता," ती म्हणाली. "गळ्यात पट्टा, पट्ट्याले फोटो. म्हणे, आजी, जुनं कार्ड बंद होऊन राह्यलं, नवं लावून देतो, फुकट. सून पाणी आणाले गेलती. मीच कार्ड काढून देल्लं त्याले. अन् चहा पाजला, म्याडम. सोताच्या पैशानं चहा पाजला."

सुनेने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतःच्या पायाशी ठेवली.

पुढचं काम नेहमीचं. गुन्हा नोंदवला, खातं गोठवायला पत्र दिलं, नावावरून पत्ता काढला. मलकापूरकडचा तरुण होता. आसपासच्या गावांच्या बाजारांत साध्या वेशात माणसं लावली. तिसऱ्याच दिवशी एका गावात तो सापडला. पट्टा गळ्यात, पिशवीत छापील चौकोनांचे ताव.

चौकशीत त्याने आढेवेढे घेतले नाहीत. आधी तो खरोखरच अशी कार्डं लावत फिरायचा, कार्डामागे कमिशनवर. गावोगावी कार्डं लागून झाली आणि त्याचं काम संपलं. मी विचारलं, आम्ही मागावर आहोत हे कळलं नाही का?

तो खाली बघत म्हणाला, "तुमचे दहा रुपये आले ना म्याडम. तुमचा फोटो आलता त्याच्यात, टोपीतला. म्या म्हटलं, पोलीसच आपल्याले पैसे देऊन राह्यले, म्हंजे कोनाले काही समजलं नाई. म्हून थांबलो नाई." मग हळूच, "त्या आजीनं चहा पाजला तव्हा एकडाव वाटलं, नको लावू. पण लावलं."

म्हणजे माझ्या मूर्खपणामुळे चोर बेफिकीर राहिला आणि सापडला. वरिष्ठांच्या अहवालात हे मी "सापळा" म्हणून लिहिलं नाही. लिहायचा मोह झाला होता.

या प्रकरणाने मला तंत्रज्ञान फार काही शिकवलं नाही. आजही नातीला विचारूनच रिचार्ज करते. शिकवलं ते एवढंच, की रोकड होती तेव्हा आपण नोट उजेडात धरून बघत होतो, देणाऱ्या-घेणाऱ्याचं तोंड बघत होतो. आता टिंग वाजलं की समोरचा माणूस बघायचा राहून जातो. चोराने एका नावावर दुसरं चिकटवलं, ठीक आहे, त्याचा तो धंदाच होता. मी तर त्या मुलीचं नाव विचारलंही नव्हतं.

तिच्यावर मी भर बाजारात ओरडले होते, म्हणून माफीही तिथेच मागायची ठरवली. पुढच्या बाजारी गणवेशात गेले. लसूणवाला मला बघून लसणाच्या ढिगाआड वाकला. सासू तराजूला कुंकू लावत होती, नवं कार्ड सुनेच्या हातात होतं. ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "चूक माझी होती. हिने एक पैसाही घेतला नव्हता." सासू मान खाली घालून मिरच्यांची देठं खुडत राहिली. सून नवं कार्ड बांबूला बांधत राहिली. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून अर्धा किलो मिरची मागितली, मोबाइल काढला आणि कार्डासमोर धरला.

तिने चौकोनावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "थांबा म्याडम. आंधी चष्मा लावा, पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचा, अन् माह्यंच असलं तं पैसे टाका."