कॉलरचा पुठ्ठा

माझ्या आईला अख्खी गल्ली टेपबाई म्हणायची. गळ्यात टेप नसलेली आई मी फक्त झोपलेली पाहिली, आणि तेव्हाही टेप उशाशीच असायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं पायाने चालवायचं शिलाई मशीन, शेजारी कापायचं टेबल आणि टेबलाखाली माझा संसार: चिंध्या, रिकामी रिळं, खडूचे तुकडे. आजही इस्त्रीखालच्या दमट सुती कापडाचा वास आला की मी आठ वर्षांची होते.

जुन्या मापावर कात्री चालवायची नाही, हा तिचा नियम. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान होतं, तरी दर वेळी नव्याने माप.

"अहो टेपबाई, चार महिन्यांत काय बदलणार?"

"ते तुम्हाला आरशाने सांगितलं असेल. मी टेपचं ऐकते. उभ्या राहा."

शेजारच्या बँकवाल्या काकू पोट आत ओढून उभ्या राहायच्या. आई तोंडात टाचण्या धरून शांतपणे वाट बघायची. काकूंना कधीतरी श्वास सोडावाच लागे.

माझ्या जन्माची गोष्ट ती मशीन चालवता चालवता रंगवून सांगायची. सातव्या महिन्यात तिचे पाय इतके सुजले, की बाबांच्या चपला घालून दवाखान्यात जावं लागलं. प्रेशर चढलेलं, डोळ्यांपुढे काजवे. आठवा महिना संपायच्या आत मला बाहेर काढलं. चिमटीभर होते, म्हणून नाव पडलं चिमटी. "तू आलीस आणि प्रेशर उतरलं. सगळी तुझीच करणी!" असं म्हणून ती हसायची आणि मीही हसायचे. तिच्या लेखी विषय तिथेच मिटला होता.

तीस वर्षांनी मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात माझंही प्रेशर चढलं. नर्सने विचारलं, "आईला असा त्रास झाला होता का?" मी घरी येऊन आईला म्हटलं, तेव्हाचे काही कागद आहेत का?

"एक जाड कार्ड दिलं होतं बाई त्यांनी. इतका छान पुठ्ठा! मी त्याची कॉलर कापली."

खिळ्याला टांगलेल्या पुठ्ठ्याच्या साच्यांच्या गठ्ठ्यातून तिने ती काढून दिली. शाळेच्या गणवेशांच्या किती कॉलरी त्या पुठ्ठ्यावरून निघाल्या असतील, देव जाणे. मी वरचा खडू पुसला. खाली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रेशर उतरले तरी दरवर्षी तपासावे. पुढे हृदयाला', आणि तिथून गळ्याचा गोल कापलेला.

दोन वर्षं आई जिना चढताना मध्येच थांबायची आणि वयावर खापर फोडायची.

"शेवटचं कधी तपासलंस?"

"उतरलं होतं की तेव्हा."

"तेव्हा म्हणजे तीस वर्षांपूर्वी! जुन्या मापावर कापतेस होय? ऊठ."

मी पोटुशी, ती धापा टाकतेय, अशी आमची वरात निघाली. प्रेशर एकशे ऐंशी निघालं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं जोर लावून हृदयाची भिंत जाड झालीय. गोळ्या रोज घ्या, मीठ कमी करा, चाला, अजून हातात आहे. बाहेर बाकावर बसून आईने गळ्यातली टेप काढली आणि बोटांना गुंडाळत राहिली. "मला वाटलं, उतरलं म्हणजे संपलं." मला तिचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया.

वहीत सगळ्या गल्लीची पानं होती, तिचंच नव्हतं. त्या दिवसापासून झालं. दर रविवारी तिच्या दंडाला यंत्राचा पट्टा मी बांधायचे, आकडा ती लिहायची. ते हृदय तिने आणखी बारा वर्षं चालवलं.

माझी लेक पाच वर्षांची झाली तेव्हा तिचा फ्रॉक बेतता बेतता आईने विचारलं, "चिमटे, तुझं प्रेशर शेवटचं कधी बघितलं?"

"माझं? माझं तर बाळंतपणानंतर उतरलं..."

आईने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. वहीत कोरं पान काढलं, वर 'चिमटी' लिहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस. हात दे इकडे."

वर्षाला एक ओळ, असं ते पान अजून चालू आहे. पहिल्या सात ओळी तिच्या अक्षरात आहेत, पुढच्या माझ्या.